हात परत मागण्याची सोय

आवृत्ती १.०
आपण कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता.

हे वाक्य मी लिहिलेलं नाही. कुणीच लिहीत नाही. संमतीपत्राच्या नमुन्यात ते आधीपासून असतं, छापील लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखं. मी त्यातली एक जादा मोकळी जागा पुसली आणि अर्ज नैतिकता समितीकडे पाठवला.

माणसांवर कुठलाही प्रयोग करायचा तर आधी या समितीची मंजुरी लागते. आमच्या संस्थेची समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, दुसऱ्या गुरुवारी.

माझ्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ होता. म्हणजे माझ्याकडे नाही, तंबोरे बनवणाऱ्या दस्तगीरचाचांच्या उजव्या हाताकडे.


कलम ४. संशोधनाचा हेतू (सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत, शंभर शब्दांत)

कसबी हात आणि नवखा हात यांच्यातला फरक हालचालीचा नसतो, चूक कळण्याचा असतो. नवख्याला चूक झाल्यावर कळते. कसबी हाताला ती होण्याआधी, सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी आधी कळते आणि तो वळतो किंवा थांबतो. आमची बाही हा क्षण टिपते. कोपरापासून मनगटापर्यंत घालायची, सोबत डोक्यावर पातळ टोपी. मग शिकणाऱ्याच्या हातात तीच बाही घातली की नेमक्या त्या क्षणी ती स्नायूला आणि लहान मेंदूला हलका विद्युत स्पर्श करते. बारा बैठकांनंतर बाही काढली तरी हात आपणहून थांबतो. अर्धांगवायूच्या रुग्णांना त्यांच्याच चांगल्या हाताकडून घास उचलायला आम्ही असंच शिकवतो. आता प्रथमच एका माणसाचा हात दुसऱ्या माणसाला

शब्दमर्यादा संपली.


कलम ४ मध्ये न मावलेलं

मी पद्मजा मगदूम. मेंदू आणि हात हा माझा विषय. दस्तगीर मुजावर मिरजेत पन्नास वर्षं तंबोरे आणि सतारी बनवतात. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. त्या घोडीचा माथा कानशीने असा घासायचा की तार टेकते ना टेकते, आणि एका सुरातून दहा सूर झिणझिणत बाहेर पडतात. याला जवारी काढणं म्हणतात. कानशीचा एक घास कमी पडला तर आवाज लाकडासारखा. एक जास्त झाला तर घोडी फेकून द्यायची.

चाचांची मुलगी नसीमा चौतीस वर्षांची. भोपळा कापण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सगळं तीच करते. शेवटचे तीन-चार घास सोडून. तिथे नऊ वर्षं अडलीय. प्रत्येक घोडी शेवटी चाचांच्या हातात जाते, आणि चाचांचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. मेंदूच्या डॉक्टरांनी दिवाळी सांगितली होती. त्यानंतर कानस धरता येणार नाही.

"पेन्सिल धरता येईल का?" नसीमानं विचारलं होतं.

"पेन्सिलीनं काय करू गं," चाचा म्हणाले, "घोडीचं चित्र काढू?"


बैठक पहिली, १० फेब्रुवारी २०३९

समितीत डॉक्टर असतात, वकील असतो, आणि एक सामान्य माणूस असावाच लागतो. ज्याचा विज्ञानाशी संबंध नाही असा. तो हजर नसेल तर बैठकच भरत नाही. आमच्याकडे ही खुर्ची सुलोचना आवटी यांची. त्यांचं मिरची कांडप आहे, बसस्टँडमागे. त्या अर्जाची छापील प्रत घेऊन येतात आणि तिच्या कोपऱ्यांवर तिखटाचे लाल ठसे असतात. म्हणजे त्यांनी ती वाचलेली असते. इतरांच्या प्रती स्वच्छ असतात.

अध्यक्ष डॉ. हेरवाडे सगळ्यांना विचारून झाल्यावर म्हणाले, "आवटीबाई, तुमचं काही?"

"एकच हाय." त्यांनी पान नऊ उघडलं. "कोणत्याही क्षणी बाहेर पडू शकता. कसं?"

"म्हणजे त्यांनी सांगितलं की आम्ही थांबतो," मी म्हणाले. "त्यांची सगळी नोंद पुसून टाकतो."

"मशीनमधली. आणि त्या पोरीच्या हातातली?"

मी पाणी प्यायले.

"समजा सहा बैठका झाल्या," त्या म्हणाल्या. "बापाचं आणि लेकीचं वाजलं. बाप म्हणाला, माझा हात परत दे. कसा द्यायचा तिनं?"

वकीलसाहेबांनी स्वच्छ प्रतीतलं पान नऊ शोधायला सुरुवात केली.

निर्णय : सुधारणांसह पुन्हा सादर करावे.


कोणत्याही अर्जात नसलेली गोष्ट

आता मी जे केलं ते लिहिते.

सुलोचनाताईंच्या प्रश्नाला उत्तर होतं, फक्त कुणी शोधलं नव्हतं. हातात उतरलेलं कसब वापरलं नाही तर विरून जातं का? गेलं तर वाक्य खरं. बाहेर पडायचं, तीन महिने थांबायचं, झालं. मला वाटलं, हे कुणावर तरी पाहायला हवं. दुसऱ्या कुणावर पाहणं गैर होतं. म्हणून स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी बाही घेऊन दुकानात गेले. नसीमा भोपळे आणायला बाहेरगावी गेली होती.

"चाचा, एक नोंद घेऊ का? मंजुरी अजून नाही. चालेल?"

"तुम्ही म्हणताय तर चालंल की. आधी चहा घ्या."

त्यांनी चहा पाजला आणि हात पुढे केला. एकही प्रश्न विचारला नाही. मला तेव्हा ते बरं वाटलं.

पुढे माझ्या घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर बारा बैठका झाल्या. हाडाचे तुकडे, कानस, उजव्या हातात बाही. तेराव्या दिवशी बाहीशिवाय घासत होते आणि हात थांबला. मी थांबवला नाही. कुणीतरी हलकेच मनगट धरावं तसा तो आपणहून थांबला. मी ती घोडी डब्यात ठेवली, डबा माळ्यावर टाकला आणि एरवी कानशीला हात लावला नाही.

मग दर सोमवारी एकदाच चाचणी. पहिला आठवडा, थांबतो. तिसरा, थांबतो. आठवा, थांबतो. भाजी चिरताना नाही, लिहिताना नाही, फक्त हाडावर कानस ठेवली की. माझ्या हातात एक माणूस राहायला आला होता आणि जायचं नाव घेत नव्हता.


आवृत्ती २.०
आपण कोणत्याही क्षणी बाहेर पडू शकता. दुसऱ्या सहभागीच्या हातावरील परिणाम तात्पुरता असेल असे मानले जाते.

हे मात्र मी लिहिलं. आठव्या सोमवारनंतर लिहिलं.


बैठक दुसरी, २१ एप्रिल (१४ ला सुट्टी होती)

"मानलं जातं," सुलोचनाताईंनी वाचलं. "कोण मानतं?"

"तसा सर्वसाधारण समज आहे," मी म्हणाले. माझा उजवा हात मी टेबलाखाली ठेवला होता.

त्यांनी पान उलटलं. समितीच्या सूचनेवरून आम्ही चाचांना संमतीपत्र समजावून, त्यांना कितपत कळलं याची पाच प्रश्नांची चाचणी घेतली होती. पाचही उत्तरं 'हो'. हेरवाडे सर खूश होते.

"चौथा प्रश्न बघा," सुलोचनाताई म्हणाल्या. "या अभ्यासात सामील झाल्यास मला संस्थेत कायमची नोकरी मिळेल. हो."

हा प्रश्न मुद्दाम चुकीचा ठेवलेला असतो. माणूस ऐकतोय की नुसता मान हलवतोय ते कळावं म्हणून. मी चाचांना नंतर विचारलंही होतं, असं का म्हणालात. ते म्हणाले होते, "तुम्ही लिहून आणलंय म्हटल्यावर असंल. घरी आलेल्या बाईमाणसाला खोटं कसं पाडायचं?"

हे मी बैठकीत सांगितलं. दोघं-तिघं हसले. सुलोचनाताई हसल्या नाहीत.

"मग त्यांचं हो हे हो न्हवंच," त्या म्हणाल्या. "ते पाहुण्याला दिलेलं हो हाय. आणखी एक लाडू घ्या, घेतो, तसलं."

"मग काय करावं म्हणता?" हेरवाडे सरांनी घड्याळ पाहिलं.

"मी कांडपावर गिऱ्हाइकाला आधी विचारते, बारीक पाहिजे का भरड. कुटल्यावर विचारून काय उपयोग? कुटलेल्या मिरचीला देठ लागत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तिथं पाहुण्यासारख्या जाता. गिऱ्हाईक होऊन जावा. पाहुण्याला न्हाई म्हणत न्हाईत ते. गिऱ्हाइकाला दिवसातून दहादा म्हणत असतील."

निर्णय : संमतीप्रक्रिया पुन्हा घ्यावी. समितीच्या वतीने श्रीमती आवटी उपस्थित राहतील. चित्रीकरण करावे.


दुकान, मे महिना, दुपारी चार
(चित्रीकरणावरून. कॅमेरा तिपाईवर. नसीमा कोपऱ्यात तारा चढवत होती. सुलोचनाताई लाकडी पेटीवर बसल्या होत्या, चहा नाकारून.)

मी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पण गादीवर बसले नाही. गिऱ्हाईक बसतं तिथे, फळीसमोरच्या स्टुलावर बसले.

"चाचा, एक काम आणलंय."

चाचांनी सुलोचनाताईंकडे पाहिलं, मग नसीमाकडे. ती म्हणाली, "अब्बा, गिऱ्हाईक हाय. बोला."

त्यांनी चष्मा चढवला आणि मी प्रथमच पाहिलं, माणूस बदलला. पाठ ताठ झाली. आवाजातला लाडू गेला.

"काय काम?"

"तुमच्या हाताची जवारी नसीमाच्या हातात उतरवायची."

"कुठली? तंबोऱ्याची का सतारीची?"

"दोन्ही."

"दोन्ही का?"

"जास्त माहिती मिळेल म्हणून."

"कुणाला?"

"मला."

"मग असं बोला की." त्यांनी कानस उचलली, हात थरथरला, कानस खाली ठेवली. "किती दिवस लागणार? बाहीनं भाजतं का? लेकीला काय त्रास? तिचा आत्ताचा हात चांगला हाय, तो बिघडला तर जबाबदार कोण? माझं गेल्यावर त्या मशीनमधलं कोण बघणार? कंपनीला विकणार का? पुण्याचा कोण येऊन म्हणाला, मलाबी तो हात घाला, तर तुम्ही कुणाला विचारणार? मी नसलो तर?"

तेवीस प्रश्न. मी नंतर मोजले. नवा तंबोरा, जुनी सतार, कुठल्याही कामाला येणाऱ्या गिऱ्हाइकाची झडती ते अशीच घ्यायचे, नसीमानं मला नंतर सांगितलं. गाणारी बाई की बुवा, पट्टी कुठली, खोलीला फरशी की माती. त्यावरून ते जवारी ठरवायचे. मला वाटत होतं कसब त्यांच्या मनगटात आहे, आणि इतकी वर्षं ते तोंडानं चालू होतं.

मी एकेक उत्तर दिलं. जिथे माहीत नव्हतं तिथे "माहीत नाही" म्हणाले. असं सात वेळा झालं.

मग त्यांनी विचारलं, "आधी कुणाच्या हातात घातलंय का हे? माणसाचं माणसाला?"

चित्रीकरणात इथे मी कॅमेऱ्याकडे पाहते. रस्त्यावरून बर्फवाल्याची घंटा जाते.

अर्जात 'नाही' लिहिलं होतं. 'नाही' म्हणाले असते तर जूनमध्ये मंजुरी पक्की होती. 'हो' म्हणाले तर अभ्यास बंद, कदाचित माझी नोकरीही, आणि दिवाळीनंतर या दुकानात भोपळे राहतील, आवाज राहणार नाही. कॅमेऱ्याचं बटण माझ्या हातापासून दीड फुटावर होतं. पण समोर माणूस गिऱ्हाइकाला विचारत होता, आणि गिऱ्हाईक खोटं बोललं की घोडी वाया जाते.

"घातलंय," मी म्हणाले. "माझ्या. तुमचाच हात. फेब्रुवारीत नोंद घेतली ना, तीच. मंजुरी नसताना. जातो का ते बघायला घातला, आणि तो जात नाही, चाचा. बारा आठवडे झाले. गेलेला नाही."

नसीमाच्या हातातली तार सुटून वाजली. "मी नऊ वर्षं बसलीय इथं," ती म्हणाली.

सुलोचनाताई वहीत लिहीत होत्या. लिहिताना त्यांनी वर पाहिलं नाही, ते मला सगळ्यात जड गेलं.

चाचांनी फळीखालून एक कच्ची घोडी काढली, कानशीसकट माझ्यापुढे सरकवली.

"करा."

"चाचा, मी..."

"गिऱ्हाइकानं बोलायचं न्हाई. करा."

मी घासलं. चाळीसएक घास. मग हात थांबला. चाचांनी डोळे मिटले होते, पण हात थांबला त्याच क्षणी त्यांची मान हलली. नसीमानं घोडी घेतली, समोरच्या तंबोऱ्यावर बसवली, तारा ओढल्या. तंबोरा वाजला आणि दुकानातली भांडी, खिळे, चहाच्या बशा सगळ्यात तो आवाज भरून राहिला.

"कसा हाय?" चाचांनी मला विचारलं.

"चांगला."

"कुणासाठी?"

"म्हणजे?"

"हा आवाज कुणाच्या गळ्याला चालंल? बाईच्या का बुवाच्या? पट्टी काळी एक का पांढरी पाच?"

मला काहीच सांगता येईना. चाचा हसायला लागले. आधी आतल्या आत, मग खांदे हलेपर्यंत. "हात माझाच हाय," ते सुलोचनाताईंना म्हणाले, "पण बाई बहिऱ्या हायत. कुठं थांबायचं ते कळतंय, का थांबायचं ते न्हाई. माझं काय नेलं त्यांनी? हातमोजा नेला."

नसीमा हसली नाही, पण तिनं सुटलेली तार पुन्हा खुंटीला घातली. "माझा कान तयार हाय," ती म्हणाली. "नऊ वर्षं तेच केलंय. हातच अडतोय."

"मग तुला देतो," चाचा म्हणाले. "तंबोऱ्याची जवारी देतो. परत मागणार न्हाई. माझ्या उस्तादानं माझ्याकडनं कुठं परत मागितली? पण," त्यांनी थरथरतं बोट कॅमेऱ्याकडे केलं, "सतारीची देणार न्हाई. लिहा. न्हाई."

"का, चाचा?" मी विचारलं.

"कारण न देता, असं लिहिलंय न्हवं तुम्ही?"

सुलोचनाताईंनी वही मिटली. "चहा चालंल आता," त्या म्हणाल्या. "साखर कमी."


आवृत्ती ३.०
(हे पान सहभागी व्यक्तीच्या प्रश्नांसाठी आहे. संशोधकाने ते आधी भरू नये.)
आपण कोणत्याही क्षणी बाहेर पडू शकता. तोपर्यंत जे दुसऱ्याच्या हातात गेले असेल ते परत घेता येणार नाही. आमच्या माहितीतल्या एका हातातून ते गेलेले नाही. म्हणून आधी विचारा. किती देणार, काय देणार नाही, ते आपण ठरवा.


बैठक तिसरी, ९ जून

मला बाहेर बसवलं होतं. चाळीस मिनिटं. भिंतीवर 'हात धुण्याच्या सहा पायऱ्या' असं चित्र होतं, ते मी पाठ केलं. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, एकदा सुलोचनाताईंचा, "मग काय बारीक का भरड ते बघा" असं काहीतरी.

बोलावलं तेव्हा हेरवाडे सरांनी कागद बघूनच वाचलं. फेब्रुवारीतली नोंद आणि माझ्या हातावरच्या चाचण्यांचे आकडे नष्ट करायचे. कुठल्याही निबंधात वापरायचे नाहीत. माझ्याकडून वर्षभरासाठी प्रमुख संशोधकपद काढून घ्यायचं, अभ्यास दुसऱ्या विभागातल्या डॉक्टरांकडे. मला संशोधन-नैतिकतेचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पुन्हा. संस्थेच्या संचालकांना लेखी कळवायचं.

"मान्य आहे," मी म्हणाले, आणि उठायला लागले.

"बसा," ते म्हणाले. "अभ्यास मंजूर आहे. आवृत्ती तीन. फक्त तंबोरा."

मी बसले. मी श्वास सोडला. इतका मोठा की वकीलसाहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"सर, एक विचारू? आकडे वापरायचे नाहीत, मग ते 'एका हातातून गेलेले नाही' हे वाक्य?"

"ते आकडा म्हणून नाही ठेवलेलं," हेरवाडे सर म्हणाले. "धोका माहीत असून सहभागीपासून लपवता येत नाही. निबंधात नाही, पण संमतीपत्रात ते राहणार." मग त्यांनी कागद खाली ठेवून म्हटलं, "बारा वर्षं मी या खुर्चीत आहे. चित्रीकरणात सहभागी माणूस 'नाही' म्हणताना प्रथम पाहिला. त्यामुळे त्याच्या बाकीच्या 'हो'वर मला विश्वास ठेवता आला."

बाहेर पडताना सुलोचनाताई जिन्यात भेटल्या. "मॅडम, त्या हाताचं काय करणार?"

"काय करू?"

"ज्याचा हाय त्याला विचारा की. मला काय विचारता."


मी विचारलं. चाचा म्हणाले, शुक्रवारी दुपारी येत जावा. कच्च्या घोड्या घासायला माणूस पाहिजेच आहे. कानाचं नंतर बघू.

म्हणून मी जूनपासून दर शुक्रवारी तिथे असते, संशोधक म्हणून नाही. बाही, टोपी, नोंदी सगळं दुसरे डॉक्टर बघतात. मी हाड घासते आणि हात थांबला की घोडी पुढे सरकवते. नसीमा पहिले दोन शुक्रवार माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या शुक्रवारी म्हणाली, "कानस अशी आडवी ठेवू नका, दात मोडतात." तेव्हापासून बोलते.

तिच्या बारा बैठका ऑगस्टमध्ये संपल्या. दिवाळीच्या आधी चार दिवस चाचांच्या हातातून कानस पडली. त्यांनी ती उचलली नाही. नसीमानं उचलली, पुसली आणि आपल्या बाजूला ठेवली.

परवा एक बाई तंबोरा न्यायला यायच्या होत्या. नसीमा शेवटचे घास देत होती. मी बघत होते. हात थांबला. मला माहीत आहे तो थांबणं कसं असतं, म्हणून माझाही हात मांडीवर थांबला. चाचा भिंतीला टेकून ऐकत होते.

तिनं तार छेडली. चाचांनी मान हलवली. "झालं. मांडीवरनं उतरव."

नसीमानं परत एकदा तार छेडली, डोकं कलतं करून ऐकलं आणि कानस पुन्हा उचलली.

"न्हाई, अब्बा," ती म्हणाली. "त्या बाईंचा आवाज या वर्षी खाली उतरलाय. आणखी एक घास पाहिजे."

एकच घास. मग तिनं तंबोरा चाचांच्या पुढ्यात धरला. त्यांनी थरथरत्या बोटानं तार छेडली. थरथरीनं ती दोनदा वाजली, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. ते बराच वेळ ऐकत राहिले.

"सतारीचं बघू," ते शेवटी म्हणाले. "विचार करतो. चहा टाक."